मीटर गेजवरचे बेळगाव

बेळगावच्या रेल्वेस्थानकाविषयी लिहिताना बहुधा १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनापासून प्रारंभ केला जातो. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. त्याचा अभिमान आपणां बेळगावकरांस असणे स्वाभाविकच आहे. मला मात्र, बालरोगतज्ज्ञ या नात्याने, स्थानकाची ही कथा दुष्काळापासून सांगावीशी वाटते.

१८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये लाखो माणसे दगावली. धान्य एका प्रांतात, भुकेली मुले दुसऱ्या प्रांतात आणि मध्ये बैलगाडी, अशी अवस्था होती. त्या अनुभवानंतर १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली व त्याच दशकात तिचे रूळ बेळगावी पोहोचले. खर्च वाचावा म्हणून रुळांतील अंतर मीटरभर ठेवले गेले. या काटकसरीची किंमत पुढे शंभर वर्षे प्रवाशांनी मोजली!

धान्य आणणाऱ्या गाड्यांनी रोगही आणला. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेला प्लेग माणसांच्या आणि मालाच्या वाहतुकीबरोबर बेळगाव-धारवाडकडे सरकला. स्थानकांवर उतारूंची वैद्यकीय तपासणी सुरू झाली; काखेतील व जांघेतील गाठी चाचपल्या जाऊ लागल्या. त्यात स्त्रियांची झालेली कुचंबणा आपल्या व्यवसायाने विसरू नये. याच कंपनीचा कारखाना असलेल्या हुबळीत १८९८ मध्ये हाफकिन यांची लस हजारोंना टोचली गेली. लसीकरणाच्या इतिहासात हुबळीला आपण फारच कमी जागा देतो, असे माझे मत आहे.

पुढे मिरज आपल्या भागाचे आरोग्यद्वार झाले. डॉ. वॉनलेस यांचे रुग्णालय तेथे १८९४ मध्ये उभे राहिले आणि रेल्वेने त्याला दूरदूरचे रुग्ण मिळवून दिले. १९७१ मध्ये पुणे-मिरज मार्ग रुंद झाला. बेळगावकडचा मात्र नव्वदच्या दशकापर्यंत अरुंदच राहिला. पुण्या-मुंबईस निघालेल्या रुग्णाला मिरजेस गाडी बदलणे भाग पडे. वळकट्या, पाण्याची सुरई आणि खांद्यावर तापलेले मूल घेऊन फलाट ओलांडणारी माणसे मी बालपणी पाहिली आहेत.

बेळगाव स्थानकाच्या नूतन इमारतीचे उद्घाटन २०२३ मध्ये झाले. तंबाखूच्या व्यापाराने नावारूपास आलेल्या निपाणीला मात्र आजही रेल्वे नाही. तेथील अत्यवस्थ नवजात बालक महामार्गानेच येते. कधी कोल्हापूरला, कधी आमच्याकडे बेळगावला.