हरणाचा सोमवार

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ऑक्टोबरातल्या एखाद्या शनिवारी भल्या सकाळी गावच्या शिकार क्लबाच्या आवारात गेलात, तर आधी जत्राच वाटावी. पत्र्याच्या शेडखाली कॉफी उकळत असते, तव्यावर पॅनकेक उलटत असतात, आणि भडक नारिंगी टोप्या-जाकिटांतली बारा-पंधरा वर्षांची पोरं आईबापांच्या आडोशाला पेंगुळलेली उभी असतात. नावं नोंदवायची, डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे, मग हवेत भिरकावलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायचा. उन्हं वर आली की छोट्या तुकड्या शेतांकडे निघतात, सोबत एक जाणता शिकारी आणि एक कुत्रा. गवतात कुत्रा थबकतो, ताठ होतो. फडफडाट करत लांब शेपटीचा, गळ्यात पांढरं कडं असलेला पक्षी उठतो. एक बार, दुसरा बार. पुष्कळदा पक्षी सहीसलामत निघून जातो आणि पोरगं ओशाळून हसतं.

हा पक्षी फेझंट. मोर आणि रानकोंबडा यांच्याच कुळातला, पण अमेरिकेचा मूळ रहिवासी नव्हे. शांघायमधले अमेरिकी वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी १८८१-८२मध्ये चीनहून धाडलेले फेझंट ओरेगनमध्ये रुजले आणि मग देशभर पसरले. पेनसिल्व्हेनियात आता ते रानात आपापले फारसे टिकत नाहीत. राज्याचा गेम कमिशन हा विभाग आपल्या फार्मांवर दरवर्षी दोन लाखांच्या आसपास पक्षी वाढवतो आणि हंगामात सोडतो. मुलांच्या शिकारीसाठी क्लबांनाही तोच पक्षी पुरवतो. मला हे खटकतं. ज्याच्या निमित्ताने मुलांना रानाची ओळख करून द्यायची, तो जाळीआड दाणे टिपत वाढलेला. आयोजकांचं उत्तर मात्र रोखठोक असतं. हरणाच्या वाटेवर मचाणावर दिवसभर गारठत बसून एक शेपूटही न दिसलेलं पोर पुढच्या वर्षी येत नाही.

आणि ते यावं, ही तिथल्या सरकारी तिजोरीची गरज आहे.

विसाव्या शतकाच्या तोंडाशी अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचं हरीण जेमतेम काही लाखांवर आलं होतं. बाजारासाठी कत्तल, जंगलतोड, कसलाच धरबंध नाही. पेनसिल्व्हेनियाने तर १९०६पासून दुसऱ्या राज्यांतून हरणं विकत आणून सोडली. मग १९३७मध्ये रूझवेल्ट यांच्या सहीने पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवरच्या ११ टक्के उत्पादन कराचा पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी द्यायचा. मेख दोन अटींत आहे. शिकार परवान्याची फी दुसरीकडे वळवणाऱ्या राज्याला एक पैसा मिळत नाही. आणि वाटप करताना राज्याच्या क्षेत्रफळाबरोबर तिथे किती जणांनी परवाना काढला, हेही मोजतात. शिकारी घटला की परवान्याची फी जाते आणि वॉशिंग्टनहून येणारा वाटाही कमी होतो. जीवशास्त्रज्ञांचे पगार, पाणथळ जागांची डागडुजी, ज्या पक्ष्यांना कुणी मारत नाही त्यांच्या अधिवासाची खरेदी, यातला मोठा भाग या पैशावर चालतो.

सरकारी पाहणीनुसार २०११मध्ये अमेरिकेत १ कोटी ३७ लाख शिकारी होते, २०१६मध्ये १ कोटी १५ लाख. पाच वर्षांत बावीस लाखांची गळती. उरलेल्यांत साठीकडे झुकलेल्यांचा भरणा. गावं रिकामी होऊन उपनगरं फुगली, आजोबांचं शेत विकलं गेलं, शनिवार फुटबॉलच्या सरावाने खाल्ला. बापाकडून पोराकडे जाणारी विद्या अशी वाटेतच अडली की ती शिकवायला शिबिरं भरवावी लागतात. रानटर्कीसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने १९८१मध्येच मुलांसाठी वेगळी शाखा काढली. पाणपक्ष्यांच्या हंगामात मुलांसाठी राखीव दिवस १९९६पासून मिळू लागले. २००६मध्ये पेनसिल्व्हेनियाने बारा वर्षांखालच्या मुलांनाही जाणत्या माणसाच्या सोबतीने रान मोकळं केलं.

या वर्गांत शिकवतात काय? न्यू यॉर्कने १९४९मध्ये नवख्या शिकाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचं केलं, पुढे सगळी राज्यं त्या वाटेने गेली. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्याआधी हा अभ्यासक्रम करावा लागतो. (१९७३ म्हणजे आपल्याकडे व्याघ्रप्रकल्पाचं साल. आदल्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला होता आणि आपली वाट वेगळी झाली होती.) अभ्यासक्रमात बंदूक चालवण्यापेक्षा न चालवण्याचेच धडे जास्त. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजायचं. नळी कुणाकडेही रोखायची नाही. नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर. सावजामागे काय आहे ते दिसत नसेल तर बार टाकायचा नाही. कुंपण ओलांडताना आधी काडतुसं काढायची. नारिंगी कपडे आणि हे वर्ग आल्यापासून शिकारीतले अपघात खूपच घटले. मचाणावरून पडून हातपाय मोडण्याचा धोका मात्र आहेच, म्हणून पट्टा बांधायलाही शिकवतात.

हा सगळा खटाटोप अंगावर उलटतोही. विस्कॉन्सिनने २००९मध्ये दहा वर्षांच्या मुलाला सोबतीने शिकारीची मुभा दिली तेव्हा दोघांत मिळून एकच बंदूक, अशी अट होती. २०१७मध्ये ती अटही गेली आणि वयाची मर्यादाही. लगेच वर्ष न भरलेल्या बाळांच्या नावाने परवाने निघाले. कुणी कौतुकाने काढले असतील, बारशाच्या वाटीसारखे. टीकाकारांना वेगळाच वास आला. बाळाच्या परवान्यावर हरीण कोण मारणार? बापच ना?

दुसरा मुद्दा मला याहून गंभीर वाटतो. याच विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात शिकवणारे, मुरलेले शिकारी आणि वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी लिहून ठेवलंय की शिकाऱ्याला प्रेक्षक नसतात. टाळ्या वाजवायला किंवा छी-थू करायला रानात कुणी नसतं, म्हणून त्याची नीती त्याची त्यालाच सांभाळावी लागते. क्लबाच्या शनिवारी मात्र प्रेक्षकच प्रेक्षक. पहिला पक्षी पडला की फोटो, पाठीवर थाप, बक्षिसांची सोडत. हरणावरचा नेम चुकला तर सदऱ्याचा शेव कापून भिंतीवर टांगायची जुनी थट्टाही काही ठिकाणी चालते. एवढ्या गलक्यात वाढलेलं पोर एकटं असताना, समोर मोठ्या शिंगांचं हरीण आणि घड्याळात शिकारीची वेळ टळून दोन मिनिटं झालेली असताना, काय करेल?

दुपारचा भाग मात्र मला मनापासून पटतो. पक्षी टेबलावर येतात, पिसं उडतात, आतडी कशी काढायची हे पोरं नाक मुरडत शिकतात. कोंबडी म्हणजे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गुलाबी तुकडा, एवढंच ठाऊक असलेल्या मुलाच्या हाताला पहिल्यांदा ऊब लागते. व्यंकटेश माडगूळकरांसारख्या बंदूक हाताळलेल्या लेखकामुळे मराठी वाचकाला रानातला हा रक्ताचा वास अगदीच अनोळखी नाही. आपल्याकडच्या जुन्या गावपारधीत हाका घालणाऱ्यालाही मटणाचा वाटा मिळे. या क्लबांतही ज्याचा नेम चुकला ते पोर रिकाम्या हाताने घरी जाऊ नये, असं पाहणारे लोक भेटतात.

हरणाची गोष्ट थोडी वेगळी. आज देशभरात त्यांची संख्या तीन कोटींच्या आसपास मानली जाते. पेनसिल्व्हेनियातले लांडगे केव्हाच संपलेत. हरणं रोपं खुडतात, कोवळं जंगल वर येत नाही, मोटारींवर आदळतात. तिथे शिकारी नको म्हणायचं, तर दुसरा उपाय सांगावा लागतो, आणि तो सांगणारे फार थोडे. शिकारीच्या शिक्षणाला राजकीय पाठिंबाही आहे. २०२३मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण विभागाने शस्त्रांविषयीच्या नव्या कायद्यावर बोट ठेवून शाळांतल्या तिरंदाजी आणि शिकार प्रशिक्षणाचा निधी रोखला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन्ही पक्ष एकत्र आले आणि काही महिन्यांत दुरुस्ती मंजूर झाली.

पेनसिल्व्हेनियात बंदुकीने हरीण मारण्याचा हंगाम पिढ्यान् पिढ्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी उघडत असे. वर्गात नाहीतरी कुणी नसतं म्हणून शाळाही बंद. तिथे नव्याने गेलेल्या मराठी घरांत ही सुट्टी कसली, हा प्रश्न ठरलेलाच. २०१९मध्ये हंगाम शनिवारवर आणला, कारण कॉलेजातली मुलं आणि नोकरदार सोमवारी येऊ शकत नव्हते. जुनी मंडळी चिडली. रविवारी सामान भरून डोंगरातल्या लाकडी खोलीवर जायचं, रात्री पत्ते कुटायचे, वाटेतल्या दुकानात शेवटची खरेदी करायची, हा शिरस्ता मोडला. हंगाम आता शनिवारीच सुरू होतो. बऱ्याच शाळांना सोमवारची सुट्टी अजून आहे.