उलटी शिकलेली नक्षी

‘बुक ऑफ केल्स’ या हस्तलिखिताची पानं इसवी सन 800 च्या सुमारास रंगवली गेली. ती रंगवणाऱ्या ख्रिस्ती मठवासीयांनी गाठींची केल्टिक नक्षी मागे ठेवली, पण ती काढायची कशी हे कुठंच लिहून ठेवलं नाही. म्हणून विसाव्या शतकात ही विद्या उलटीच शिकावी लागली. तयार गाठ समोर घ्यायची आणि तिची सुरुवात हुडकायची.

पहिलं टोक सापडलं जे. रोमिली ॲलन यांना. पेशानं इंजिनिअर. स्कॉटलंडमधल्या, अशीच नक्षी असलेल्या कोरीव शिळांवरचा त्यांचा ग्रंथ 1903 चा. एवढ्या गुंत्याच्या मुळाशी साधी वेणी आहे, असं त्यांनी दाखवलं. दोन पेड एकमेकांना ओलांडतात तिथं ते तोडायचे आणि सुटी टोकं शेजारच्या टोकांना जोडायची. कुठं तोडलं यावर गाठ ठरते. ॲलन वाचून नक्षी कळते, पण हात चालत नाही.

हात चालवला जॉर्ज बेन यांनी. ते स्कॉटलंडमधल्या कर्कॉडीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि त्यांच्या पुस्तकात तो मास्तर पानोपानी दिसतो: आधी ठिपके, मग तिरक्या रेघा, मग पेडाची जाडी, शेवटी एकदा वरून, एकदा खालून. 1951 साली आलेल्या या पुस्तकाला फारसं कुणी विचारलं नाही. 1970 च्या दशकात स्वस्त आवृत्ती निघाली, तेव्हा कुठं ते घरोघरच्या टेबलांवर पोचलं. बेन 1968 मध्येच गेले होते.

आपण रांगोळीत ठिपके जोडतो; इथं पेड ठिपक्यांना वळसा घालतो, तमिळ कोलमसारखा. त्यात शाळेतला मसावि लपलेला आहे: ठिपक्यांच्या आडव्या-उभ्या ओळींच्या संख्यांचा जो मसावि, तितके बंद पेड. 4 बाय 6 ठिपक्यांभोवतीच्या साध्या वेणीत दोन बंद पेड निघतात. 4 बाय 5 घेतले की सगळी नक्षी एकाच दोरीची. पुढं 1990 च्या दशकात फ्रेंच गणिती ख्रिस्तियान मर्का यांनी ठिपक्यांच्या चौकटीचीच गरज संपवली. बिंदू आणि रेषांचं कोणतंही सपाट जाळं घ्या, प्रत्येक रेषेच्या मध्यावर पेडांची फुली काढा, गाठ तयार.

तरी मला सर्वांत भावते ती लिंडिसफार्नच्या शुभवर्तमानांच्या अशाच नक्षीदार हस्तलिखिताची गोष्ट. त्या चर्मपत्रांच्या पाठीवर चौकटीच्या रेघा, टोचे आणि कंपासची भोकं आजही दिसतात.