डाळिंबाचे फूल : गळणारे आणि धरणारे

आंबे बहार धरलेल्या डाळिंबाच्या बागेत फेब्रुवारीच्या सुमारास पाऊल टाकले, की झाडाखाली लाल फुलांचा सडा पडलेला दिसतो. पाहणाऱ्याला तो शोभिवंत वाटतो. मालकाच्या मात्र पोटात गोळा येतो. ‘एवढी फुलं गळाली, आता झाडावर राहिलं काय?’ असे म्हणत तो तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानाकडे निघतो. एक बाटली येते, आठ दिवसांनी दुसरी येते. गळ काही थांबत नाही. थांबावी तरी कशी? त्या सड्यातली बरीचशी फुले फळ धरणारी नसतातच. ती कशी ओळखायची आणि मग जपायचे कोणाला, हे आज पाहू. मी कृषिखात्याचा अधिकारी नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा माणूस आहे. पण फूल चिरून पाहायला एक पाते पुरते.

झाडाखालचे एक फूल उचला आणि झाडावरचे चांगले भरदार एक तोडा. दोन्ही शेजारी ठेवा. लाल, जाड, मेणासारखी तकाकी असलेली जी बाहेरची वाटी दिसते, तो निदलपुंज. तिच्या काठाला पाच ते आठ टोके असतात. आत तितक्याच पाकळ्या, चुरगळलेल्या रेशमी रुमालासारख्या. त्या कळीत घडी घालून बसलेल्या असतात, म्हणून फूल उमलले तरी सुरकुत्या जात नाहीत. वाटीच्या आतल्या अंगाला पिवळ्या डोक्याचे पुंकेसर दाटीने लागलेले. मोजायला बसलात तर शंभराच्या पुढे जाल. इथपर्यंत दोन्ही फुले सारखीच.

आता त्यांचे बूड पाहा. झाडावरच्या फुलाचे बूड सुरईसारखे फुगीर असेल. गळालेल्याचे बूड बहुधा देठाकडे निमुळते होत गेलेले, एकूण आकार घंटेसारखा किंवा नरसाळ्यासारखा. दोन्ही उभी चिरा. फुगीर फुलाच्या बुडाशी अंडाशय भरलेला दिसेल, त्यात बारीक पांढऱ्या बीजांडांची दाटी असेल आणि मधला कुक्षीवृंत पुंकेसरांच्या बरोबरीने किंवा त्यांच्याही वर आलेला असेल. निमुळत्या फुलात अंडाशय नावापुरता, कुक्षीवृंत आखूड, पुंकेसरांच्या गर्दीत बुडालेला. हे झाले नरफूल. काही फुले या दोहोंच्या मधली असतात. त्यांना फळ धरले तरी ते पुष्कळदा गळते किंवा वेडेवाकडे होते.

गंमत अशी, की कळी लहान असते तेव्हा दोन्हींत नर आणि मादी अशा दोन्ही अवयवांची सुरुवात झालेली असते. पुढे काही कळ्यांतली बीजांडे अर्ध्या वाटेवर वाढायची थांबतात आणि ते फूल नर राहते. झाडाच्या दृष्टीने यात शहाणपण आहे. फळ पोसायला पाच-सहा महिने अन्नपाणी लागते. प्रत्येक फुलाला फळ धरले तर झाडाचे पाय मोडतील. म्हणून पराग पुरवायला पुष्कळ फुले आणि फळ धरायला थोडी, अशी ही वाटणी. बहुतेक बागांत नरफुले निम्म्याहून जास्तच निघतात. जात कोणती, बहार कोणता, झाडाच्या अंगात ताकद किती, यांवर हे प्रमाण कमी-अधिक होते. उपाशी किंवा आजारी झाडावर ती वाढतात. त्यामुळे ‘गळ’ म्हणून जो खर्च होतो, तो खरे पाहता बहार धरण्याआधीच, विश्रांतीच्या काळात, शेणखतावर आणि छाटणीवर व्हायला हवा होता. फूल नर झाल्यावर कोणतीही फवारणी त्याची मादी करू शकत नाही.

म्हणून माझे सांगणे असे, की औषध आणण्याआधी सड्यातली शंभर फुले वेचा आणि त्यांचे बूड पाहून दोन ढीग करा. निमुळत्या बुडाचा ढीग मोठा असेल तर निर्धास्त घरी जा. फुगीर बुडाची फुले गळत असतील तर मात्र कारण शोधले पाहिजे. ताणानंतर एकदम भरमसाट पाणी दिले का? उष्ण वारे सुटले का? की मधमाशी बागेत फिरकलीच नाही?

मधमाशीचे थोडे सविस्तर सांगतो. डाळिंबाला स्वतःच्या फुलातला पराग चालतो आणि दुसऱ्या फुलातलाही. पण तो जड, चिकट पराग वाऱ्याच्या भरवशावर फारसा हलत नाही, माशी लागते. शिवाय डाळिंबात प्रत्येक दाणा म्हणजे एक बी, आणि प्रत्येक बी धरण्यासाठी एक परागकण हवा. कुक्षीवर पराग कमी पडला की दाणे कमी, आणि दाणे कमी की फळ लहान. आता आपला बागवान काय करतो? नरफुलांच्या गळीला भिऊन सकाळी, ऐन माश्यांच्या वेळी, कीटकनाशक मारतो. जी फुले गळायचीच होती ती गळतात, आणि जी धरायची होती त्यांची दाई मरते. फुलोऱ्यात फवारणी अगदीच टळत नसेल तर ती सूर्य कलल्यावर करावी. फळ पोखरणाऱ्या अळीचे फुलपाखरू निदलावर आणि कोवळ्या फळावर एकेक अंडे घालते हे खरे. पण त्यासाठी आधी अंडी दिसतात का ते पाहावे.

आपल्या परभणी जिल्ह्याची अडचण थोडी निराळी आहे. डाळिंबाला फुलवायचे तर पाणी तोडून ताण द्यावा लागतो. सांगोल्याच्या हलक्या माळरानावर तो लवकर बसतो. आपली गोदाकाठची भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते. वरून भेगा पडल्या तरी खाली ओल असते. हस्त बहारासाठी ताण द्यायचा तर परतीचा पाऊस आडवा येतो. मृग बहाराचे फूल जून-जुलैच्या सरींत सापडते, पराग भिजतो, माशी बाहेर पडत नाही आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तेल्या रोग पसरतो. या दृष्टीने आंबे बहार फुलाला सोयीचा. आकाश कोरडे, माश्या हिंडत्या. पण पुढे एप्रिल-मेच्या उन्हात फळाला नियमित पाणी देण्याची ऐपत विहिरीत असली पाहिजे. जिंतूरकडच्या मुरमाड, उताराच्या जमिनीत डाळिंब लावणाऱ्याला ताणाचा त्रास कमी. खोल काळीत लावणाऱ्याने गादीवाफे आणि चर यांचा विचार लागवडीआधीच करावा.

शिक्षकमित्रांसाठी दोन गोष्टी राहिल्या. कापसाचे बोंड पाकळ्यांच्या वर, फुलाच्या आत धरते. डाळिंबाचा अंडाशय पाकळ्यांच्या खाली, निदलाच्या जाड वाटीत रुतलेला असतो. म्हणूनच फळ तयार झाल्यावर त्याच्या शेंड्यावर मुकुट दिसतो. तो मुकुट म्हणजे फुलाचा निदल. त्यात वाळक्या पुंकेसरांचा झुपकाही सापडतो. पेरूच्या टोकाशी याच जातीची खूण आहे. मुलांना दोन्ही फळे जवळ ठेवून दाखवा.

दुसरे, फळ उभे कापा. आत दोन मजले दिसतील. खालच्या मजल्यावर साधारण तीन खण, त्यांतले दाणे मध्याला चिकटलेले; वरच्या मजल्यावर जास्त खण, आणि तिथले दाणे सालीकडच्या बाजूला लागलेले. फूल वाढत असताना अंडाशयाचे बाहेरचे कडे वर सरकून बसते, त्यामुळे ही रचना होते. आपण जो रस चोखतो तो गरात नसतो, बीच्याच बाहेरच्या आवरणात असतो. आंबा-पेरू खाताना आपण बी टाकतो किंवा गिळतो. डाळिंबात बीचे आवरण हेच खाणे.

आणि मुलांनी विचारले, की या झाडाचे सोयरे कोण, तर अंगणातल्या मेंदीकडे बोट करा. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी डाळिंबाला स्वतंत्र कुळ देत. आता ते मेंदी आणि धायटी यांच्या कुळात गणले जाते.