सप्तपदी नसलेले लग्नही खरेच असते: कॅनडाच्या स्पाउस अर्जाला सामोरे जाताना

शिक्षण किंवा नोकरीसाठी कॅनडात गेलेली आपल्या समाजातील बरीच मुले-मुली आता तिथे स्थायिक झाली आहेत. त्यातील अनेकांची लग्ने इथे विहारात, समाजमंदिरात किंवा छोट्या हॉलमध्ये होतात. लग्नानंतर जोडीदाराला तिकडे बोलावण्यासाठी अर्ज भरायला बसले की एजंटकडून किंवा एखाद्या ओळखीच्या माणसाकडून सल्ला येतो : "तुमच्या लग्नात फेरे नाहीत, मेहंदी-संगीत नाही, पाहुणेही कमी. अधिकाऱ्याला हे लग्न वाटणारच नाही. पुन्हा एकदा भटजी बोलावून फेरे घ्या आणि फोटो काढा."

हा सल्ला दोन कारणांनी चुकीचा आहे. पहिले कारण तत्त्वाचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करून न घेण्याची प्रतिज्ञा आहे. व्हिसासाठी ती मोडायची का, हे ज्याने-त्याने ठरवावे. दुसरे कारण मात्र निव्वळ व्यवहाराचे आहे. फोटोसाठी केलेले दुसरे लग्न हाच अर्जातला सर्वांत मोठा धोका ठरू शकतो. म्हणून कॅनडाचा कायदा नेमके काय विचारतो आणि आपले साधे लग्न त्याच्यापुढे कसे मांडायचे, ते आम्ही इथे क्रमाने सांगत आहोत.

कायदा दोन प्रश्न विचारतो

कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतील कलम ४ नुसार दोन गोष्टी तपासल्या जातात. एक, हे लग्न मुख्यतः कॅनडातील दर्जा किंवा सवलत मिळवण्यासाठी केले होते का? दोन, हे नाते खरे आहे का? सप्टेंबर २०१० पासून या दोन्हींपैकी एकाही प्रश्नावर अधिकाऱ्याचे समाधान झाले नाही तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. पहिला प्रश्न लग्न झाले त्या वेळच्या हेतूचा आहे, दुसरा आज नाते कसे आहे याचा. म्हणून पुरावाही दोन्ही काळांचा लागतो. लग्न कसे ठरले हे दाखवावे लागते, तसेच लग्नानंतर संसार कसा चालला आहे हेही. पुष्कळ जण लग्नाचे फोटो भरभरून देतात आणि त्यानंतरच्या काळाबद्दल फारसे काहीच देत नाहीत.

लग्न किती थाटात झाले, असा प्रश्न कायद्यात कुठेच नाही. पण भारतातील लग्न म्हणजे शेकडो पाहुणे, सात फेरे आणि चार दिवसांचे कार्यक्रम, अशी प्रतिमा अधिकाऱ्याच्या डोक्यात असू शकते. लग्न त्या प्रतिमेत बसले नाही की 'हे त्यांच्या रीतीप्रमाणे झालेले दिसत नाही' अशी शंका निर्माण होते. आपली रीत काय आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते सांगणे अर्जदाराचे काम आहे.

भारतीय कायद्यात आपले लग्न पूर्ण वैध आहे

ज्या देशात लग्न झाले तिथल्या कायद्याने ते वैध आहे का, हे कॅनडा आधी पाहतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा नावाने हिंदू असला तरी कलम २ नुसार तो बौद्धांनाही लागू होतो. याच कायद्याचे कलम ७ सांगते की लग्न वधू किंवा वर यांपैकी कोणाही एका पक्षाच्या रूढ विधींप्रमाणे लावता येते. ज्या रीतीत सप्तपदी आहे तिथेच सातवे पाऊल महत्त्वाचे ठरते. आपल्या रीतीत सप्तपदी नाही, त्यामुळे तिच्या अभावाने लग्न अपुरे राहत नाही. जोडीदार ख्रिस्ती किंवा मुस्लिम असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ हा मार्ग आहे. त्यासाठी विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, म्हणून सुट्टीचे दिवस त्या हिशेबाने ठरवावेत.

मुलगा तिकडे आणि मुलगी इकडे असताना व्हिडिओ कॉलवर लग्न लावण्याचा विचार कोणी करू नये. २०१५ पासून कॅनडा इमिग्रेशनसाठी असे लग्न सामान्यतः मानत नाही. लग्नाच्या वेळी दोघेही प्रत्यक्ष हजर असावे लागतात.

विहाराचे प्रमाणपत्र आणि सरकारी नोंदणी

विहारातून किंवा विवाह लावणाऱ्या बौद्धाचार्यांकडून मिळालेले प्रमाणपत्र जपून ठेवावे. विधी झाल्याचा तो चांगला पुरावा आहे. पण सरकारी विवाह नोंदणीची जागा तो घेऊ शकत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडे नोंदणी करून प्रमाणपत्र घ्यावे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले होते. तरीही 'पुढे बघू' म्हणून नोंदणी लांबवण्याची सवय आपल्याकडे गेलेली नाही. मुलगा आठवड्याने परत जाणार असेल तर नोंदणीची कागदपत्रे लग्नाआधीच तयार ठेवावीत.

नोंदणीवर विवाहाची तारीख म्हणून विधी झाला तो दिवस हवा. फोटोसाठी दुसरे लग्न करण्याचा धोका इथेच आहे. प्रमाणपत्रावर एक तारीख, फेऱ्यांच्या फोटोंवर दुसरी, पत्रिकेवर तिसरी, अशी फाईल पाहून कोणीही विचारेल की खरे लग्न कोणते. त्याचे उत्तर देताना एक जरी खोटी गोष्ट सांगितली गेली तरी ती 'चुकीची माहिती देणे' ठरू शकते, आणि त्यासाठी पाच वर्षे कॅनडात प्रवेशबंदी होऊ शकते. म्हणजे नाते खरे असूनही फक्त सजावटीपायी पाच वर्षांचा विरह वाट्याला येईल.

मराठी कागदपत्रांसोबत इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर जोडावे लागते. भाषांतर करणारा अधिकृत अनुवादक नसेल तर त्याचे शपथपत्रही लागते. घरातील इंग्रजी जाणणाऱ्या भावाने किंवा वहिनीने केलेले भाषांतर चालत नाही.

आपली रीत एका पानावर लिहा

अर्जासोबत नात्याची माहिती देणारा प्रश्नावलीचा फॉर्म असतो. दोघांची ओळख कशी झाली, कोणी करून दिली, लग्न कसे झाले, किती लोक आले, कुटुंबातील कोण हजर होते, आधी कोणाचे लग्न झाले होते का, असे प्रश्न त्यात असतात. या उत्तरांना जोडून एक साधे पत्र द्यावे असे आम्ही सुचवतो. त्यात पुढील गोष्टी याव्यात :

– आम्ही बौद्ध आहोत आणि आमच्या विवाह संस्कारात काय असते : तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला वंदन, त्रिशरण-पंचशील, वधू-वरांच्या प्रतिज्ञा, पुष्पहार, मंगलगाथा.

– आमच्या विवाहात काय नसते आणि का नसते : पत्रिका जुळवणे, मुहूर्त, कन्यादान, फेरे. हा संस्कार तास-दीड तासात पूर्ण होऊ शकतो आणि वधू-वर बहुधा पांढरी वस्त्रे घालतात.

– काही घरांत हळद होते, काहींत होत नाही. कोणी मंगळसूत्र घालते, कोणी घालत नाही. आपल्या घरी जे झाले तेच लिहावे.

– पाहुणे कमी असतील तर त्याचे खरे कारण : खर्च टाळायचा होता, सुट्टी कमी होती किंवा घरच्यांचा विरोध होता.

कागदपत्रांतील विसंगतीचा खुलासाही याच पत्रात करावा. आपल्याकडे एकाच माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आणि विवाह नोंदणीत 'बौद्ध' असे आढळते. या फरकामागे धर्मांतराचा आणि आरक्षणाचा इतिहास आहे. अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांना केंद्रीय पातळीवर १९९० मध्ये लागू झाल्या. परदेशी अधिकाऱ्याला हे माहीत असण्याचे कारण नाही, म्हणून दोन ओळींत ते सांगावे. नावाचेही तसेच. लग्नानंतर मुलीने नाव बदललेच पाहिजे असे नाही. बदलले असेल तर जुन्या आणि नव्या नावाचा दुवा दाखवणारा कागद जोडावा.

रोजच्या जगण्याचा पुरावा

फोटो आणि संवादाची पाने किती द्यायची याला आयआरसीसी या कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाच्या चेकलिस्टमध्ये मर्यादा असते. ती चेकलिस्ट अर्जाच्या वेळी ताजीच पाहावी. शंभर फोटो देण्यापेक्षा निवडक द्यावेत आणि प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि त्यातील माणसे कोण ते लिहावे. नुसत्या दोघांच्या फोटोंपेक्षा सासू-सासरे, भावंडे, शेजारी, विहारातील मंडळी असलेले फोटो जास्त बोलतात. १४ एप्रिलला किंवा बुद्ध पौर्णिमेला सासरी गेल्याचा फोटो साधा दिसतो, पण नाते कुटुंबाने स्वीकारल्याचे दाखवतो.

चॅट देताना फक्त प्रेमाचे संदेश निवडू नयेत. आईचे औषध, गॅसचे पैसे, भावाची परीक्षा, भांडण आणि नंतरची समजूत, यातून संसार दिसतो. लग्न ठरण्याच्या काळापासून आजपर्यंत प्रत्येक टप्प्यातले थोडे थोडे द्यावे. बँकेतून पाठवलेले पैसे, विमा किंवा खात्यावर जोडीदाराचे वारसदार म्हणून नाव, विमानाची तिकिटे आणि पासपोर्टवरचे शिक्के हेही उपयोगी पडतात.

जिथे शंका जास्त येते

वयात मोठे अंतर, पुनर्विवाह, शिक्षणातला फरक, वधू-वर मेळाव्यातील थोड्या दिवसांच्या ओळखीतून ठरलेले लग्न किंवा आई-वडिलांच्या गैरहजेरीत झालेला आंतरजातीय विवाह, अशा ठिकाणी अधिकारी जास्त बारकाईने पाहतात. यातली कोणतीही गोष्ट गुन्हा नाही, पण त्यावर मौन बाळगले की शंका वाढते. पुनर्विवाह असेल तर घटस्फोटाचा न्यायालयीन हुकूमनामा किंवा आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला हवा. पंचांसमोर झालेल्या 'काडीमोडी'च्या कागदावर विसंबून राहू नये. घरच्यांचा विरोध असेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि जे हजर होते त्या मित्रांची, मावशी-काकांची पत्रे जोडावीत.

मुलाखतीला बोलावले तर उत्तरे पाठ करू नयेत. जोडीदार काय काम करतो, घरात कोण कोण आहे, पुढे कुठे राहायचे ठरले आहे, हे संसारात बोलले गेलेलेच असते. एखादी गोष्ट माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणावे.

फेटाळले तर, आणि एक सावधगिरी

जोडीदार भारतात असताना 'फॅमिली क्लास'मध्ये केलेला अर्ज फेटाळला गेला, तर कॅनडातील प्रायोजक सामान्यतः ३० दिवसांच्या आत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करू शकतो. तिथे नवे पुरावे देता येतात आणि दोघांची साक्षही होते. जोडीदार कॅनडातच राहत असताना त्या वेगळ्या वर्गात केलेल्या अर्जाला हा अपिलाचा हक्क नसतो. कोणत्या वर्गात अर्ज करायचा हे म्हणूनच विचारपूर्वक ठरवावे. पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस कॅनडाचा परवानाधारक सल्लागार किंवा वकील आहे का, तेही आधी तपासावे.

तपासणी कडक आहे, कारण फसवणूकही खरी आहे. कागदापुरती लग्ने होतात आणि त्यात अनेकदा मुली सोडून दिल्या जातात. म्हणून मुलीच्या आई-वडिलांनीही 'परदेशातले स्थळ' पाहताना नोकरी, पत्ता आणि आधीच्या लग्नाची चौकशी करावी. तिकडे गेलेल्या मुलींनी हेही लक्षात ठेवावे की नवऱ्यासोबत दोन वर्षे राहिलेच पाहिजे ही जुनी अट कॅनडाने २०१७ मध्ये काढून टाकली आहे. कायम निवासाचा दर्जा मिळाल्यावर केवळ मारहाण करणारे घर सोडले म्हणून तो दर्जा जात नाही. प्रायोजकाने जोडीदाराच्या पालनपोषणाची दिलेली तीन वर्षांची हमीही घटस्फोटाने संपत नाही.

खरे लग्न सिद्ध करण्यासाठी त्यावर दुसऱ्या कोणाची रीत चढवावी लागत नाही. आपण जसे लग्न केले तसे तारखांसह, कागदांसह आणि न लाजता सांगावे लागते. लग्न ठरले त्या दिवसापासून एक फाईल घाला आणि प्रत्येक कागद त्यात ठेवत जा. पुढचे निम्मे काम तिथेच होते.