शेवंतीची रात्र

दिवाळी उलटून मार्गशीर्ष जवळ आला, कीं फुलपुडींतील झेंडू मागें पडतो आणि शेवंतीच्या वेण्या घरोघर दिसूं लागतात. बाजारांत शेवंती हवी तेवढी मिळते हें खरें. परंतु परसांतील वाफ्यावरून दंवानें भिजलेलीं फुलें स्वतः खुडून आणण्याची गोडी ज्या घरास एकदां लागली, त्या घराचें विकतच्या फुलांनीं समाधान होत नाहीं. शिवाय हें झाड खर्चिक नाहीं. एकदां मिळविलेलें बेणें मोडूं दिलें नाहीं, तर तें पिढ्यान्‌पिढ्या पुरतें. आमच्या साताऱ्याच्या घरची पिवळी शेवंती आमच्या आईनें लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यांत माहेराहून ओल्या फडक्यांत गुंडाळून आणली होती.

प्रदर्शनांत मांडतात तीं नारळाएवढालीं फुलें आज माझ्या डोळ्यांपुढें नाहींत. एका झाडावर एकच कळी राखावी, बाकीच्या काढाव्या, काठीचा आधार द्यावा, असा तो थाट असतो. ज्यांस सवड आहे त्यांनीं तो अवश्य करावा. मला सांगावयाचें आहे तें बुटक्या, काटक, झुडुपभर लहान फुलें देणाऱ्या शेवंतीविषयीं. या फुलाचें मूळ घर चीन. चौथ्यापांचव्या शतकांतील ताओ युआनमिंग हा कवि तिकडे शेवंतीचा भक्त म्हणूनच ओळखला जातो. जपानच्या राजघराण्याचें चिन्ह म्हणजे सोळा पाकळ्यांची शेवंती. आपण जिला पाकळी म्हणतों ती प्रत्येक एक स्वतंत्र फूलच असते, आणि आपलें ‘फूल’ म्हणजे अशा अनेक फुलांचा गुच्छ.

शेवंती बियांपासून करण्याच्या भरीस पडूं नये. जुन्या झाडाच्या बुडाशीं जमिनींतून जे फुटवे येतात, त्यांना आमच्याकडे काश्या म्हणतात. मृगाचा पाऊस पडून जमीन निवली, कीं मुळ्यांसकट काश्या काढून फूटभर अंतरानें लावाव्या. जागा उन्हाची हवी, आणि पाणी तेथें क्षणभरहि तुंबतां कामा नये. शेवंती उपासानें सहसा मरत नाहीं, पण पाय ओले राहिले तर कुजते. म्हणून कोंकणांत ती उंच गादीवाफ्यावर किंवा कुंडींत लावणेंच बरें. खत म्हणून चांगलें कुजलेलें शेणखत व मूठभर निंबोळी पेंड पुरे. पुस्तकांत हाडांची भुकटी सांगितलेली असते. ज्या घरांत ती चालत नाहीं, त्या घराचें तिच्यावांचून कांहीं अडत नाहीं.

रोप वीतभर झालें, कीं त्याचा कोंवळा शेंडा नखानें खुडावा. नवशिक्याचा हात येथेंच अडतो. वाढत्या झाडाचा शेंडा मोडणें त्याच्या जिवावर येतें. परंतु खुडल्यावांचून झाड सरळ काठीसारखें वाढतें आणि माथ्यावर चार फुलें देऊन मोकळें होतें. खुडलें कीं बगलांतून फांद्या फुटतात. त्यांना चारपांच पानें आलीं, कीं त्यांचेहि शेंडे खुडावे. मात्र नारळी पौर्णिमेनंतर शेंड्यास हात लावूं नये, कारण पुढें कळ्या तेथेंच धरावयाच्या असतात. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पति संशोधन संस्थेनें न खुडतांहि डेरेदार होणाऱ्या जाती काढल्या आहेत. ज्यांच्याच्यानें शेंडा मोडवत नाहीं, त्यांनीं त्या लावाव्या. ढगाळ हवेंत कोंवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसतो. तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें धुवून काढावा, आणि न हटल्यास शेंकडा ५ प्रमाणाचा निंबोळी अर्क फवारावा.

इतकें सर्व यथासांग करूनहि आमची शेवंती रुसली. २०१९ सालच्या पावसाळ्यांत आमच्या परसामागच्या कोपऱ्यावर नवा पांढराशुभ्र दिवा लागला. रात्रीं परसांत सुईंत दोरा ओवावा इतका उजेड पडूं लागला, म्हणून आईच अधिक खूष होती. योगायोग असा, कीं त्याच वर्षीं गुडघेदुखीमुळें तिनें वाफ्याचें काम धाकट्या सुनेवर सोंपविलें. त्या वर्षीं झाडें हिरवींगार, कमरेएवढीं वाढलीं, पण कळी धरली नाहीं. दुसऱ्या वर्षींहि तेंच.

“इतकीं वर्षें माझ्या हातानें फुलत होती, हिच्या हातीं जातांच वांझ झाली,” असें आई एकदां चार माणसांदेखत बोलून गेली. “आई, पाणी मी तुम्हीं सांगितलें तेवढेंच घालतें हो,” एवढेंच ती म्हणाली आणि आंत निघून गेली. आम्हीं पुरुषमंडळी पेपरांत तोंड खुपसून बसलों होतों. हें लिहितांना मला त्याची लाज वाटते.

२०२१ सालीं दिवाळीनंतर मी सहज न्हाणीघराच्या भिंतीमागें गेलों, तों तेथें उरल्यासुरल्या काश्यांचीं तीन झाडें फुलांनीं लवलेलीं! बेणें तेंच, पाणी घालणारा हातहि तोच. फरक एवढाच, कीं दिव्याचा उजेड त्या भिंतीमागें पोंचत नव्हता.

गार्नर व अ‍ॅलर्ड या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं असें दाखविलें, कीं कित्येक वनस्पतींचें फुलणें दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतें. पुढें असेंहि कळून आलें, कीं झाड खरोखर मोजतें ती अखंड अंधाराची लांबी. शेवंती याच वर्गांतली. आपल्याकडे आषाढांत दिवस १३ तासांहून थोडा मोठा असतो. पुढें रात्री वाढूं लागतात आणि त्या सुमारास शेवंती कळ्या धरते. मध्यरात्रीं थोडा वेळ जरी प्रखर उजेड पडला, तरी लांब रात्रीचे दोन तुकडे होतात व झाड वाढतच राहतें. फुलांचा हंगाम पुढें ढकलण्यासाठीं व्यापारी बागाईतदार रात्रीं मुद्दाम दिवे लावतात तें याचसाठीं. चांदण्यानें बिघडत नाहीं, पण पडवींतला रात्रभर जळणारा दिवा मात्र बाधतो.

२०२२ सालीं आम्हीं श्रावणापासून वाफ्याच्या दिव्याकडील बाजूस बांबूंवर जाड काळें कापड ताणलें. दिवाळी होतांच वाफा पिवळा झाला. आईनें पहिली वेणी केली आणि कांहीं न बोलतां धाकट्या सुनेच्या अंबाड्यांत स्वतः माळली.

फुलें संपल्यावर झाडें जमिनीपासून चारपांच बोटें ठेवून कापावीं, उन्हाळ्यांत बेतानें पाणी व दुपारची सावली द्यावी, आणि नव्या काश्या शक्य तर दरसाल वेगळ्या जागीं लावाव्या. आमच्याकडे आतां कापणें, खुडणें, कापड ताणणें हें सर्व धाकटीच पाहते. काश्या कोठें लावाव्या हें मात्र अजून आईच ओसरीवरून सांगते.