जारवरचे ‘मिनरल’ आणि बोअरमधले फ्लोराइड

लग्न असो, दुकान असो की कचेरी, वीस लिटरच्या जारमधल्या पाण्याला सर्रास ‘मिनरल वॉटर’ म्हटले जाते. त्यातील खनिजांमुळे हाडे मजबूत होतात, असाही समज आहे. भारतीय मानकानुसार नैसर्गिक मिनरल वॉटर म्हणजे भूगर्भातील स्रोताचे, मूळ खनिजे तशीच ठेवून बाटलीबंद केलेले पाणी. जारमधले पाणी मात्र बहुधा बोअरचे आणि आरओ यंत्रातून काढलेले असते. या यंत्रात खनिजे वाढत नाहीत. उलट बरीचशी निघून जातात. त्याने फारसे बिघडत नाही. प्रौढ माणसाला रोज साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ते मुख्यतः दूध, दही, तीळ, नाचणी, पालेभाज्या यांतून मिळते. पाण्याचा वाटा लहान असतो.

यवतमाळ जिल्ह्यात खरा प्रश्न खनिजांच्या कमतरतेचा नाही, एका खनिजाच्या अतिरेकाचा आहे. पांढरकवडा, झरी जामणी भागांतील काही गावांच्या भूजलात खडकातून विरघळलेले फ्लोराइड जास्त आढळते. ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. असे पाणी दिसायला नितळ असते, चवीवरूनही ओळखता येत नाही. ते वर्षानुवर्षे प्यायल्यास मुलांच्या कायमच्या दातांवर पांढरे, तपकिरी डाग पडतात. मोठ्यांची मान, कंबर, सांधे आखडतात. हाडांचे झालेले नुकसान भरून काढणारे औषध नाही. उन्हातान्हात राबणारा मजूर जास्त पाणी पितो, त्यामुळे त्याच्या पोटात फ्लोराइडही जास्त जाते.

उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड कमी करतात, पण मात्रा पाणी तपासूनच ठरते. घरी अंदाजाने तुरटी फिरवून ते साधत नाही. आरओने फ्लोराइड बरेच कमी होते, मात्र यंत्राची देखभाल हवी आणि जारही स्वच्छ हवा.

काय करावे?

बोअरचे पाणी ग्रामपंचायतीमार्फत तपासून घ्यावे आणि अहवालात फ्लोराइडचा आकडा पाहावा. जारवाल्याकडेही असा अहवाल मागावा. सुरक्षित पाणी थोडेच असेल, तर ते पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी राखावे. आंघोळीला, धुण्याभांड्याला बोअरचे चालते. घरात आठ वर्षांखालील मुले असतील, तर पहिला हक्क त्यांचा. कारण कायमचे दात त्याच वयात घडत असतात.