पणजोबा सापडले, पणजी कुठंय?

आजोबांच्या आजोबांचं नाव सांगा बरं, पटकन! अडखळलात ना? काळजी नको, बहुतेकांची गाडी खापरपणजोबांपाशीच अडते. पण सध्या शिरवळच्या कट्ट्यावर ‘नोंद सापडली का?’ हा प्रश्न ‘पेपर कसा गेला?’ इतकाच कॉमन झालाय. एकेकाळी फक्त वकील आणि इतिहासवाले ज्या कागदांत डोकं घालायचे, ते कागद आता आपण मोबाईलवर झूम करून बघतोय.

हे सुरू झालं सप्टेंबर 2023 पासून. कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. आधी मराठवाड्यापुरतं असलेलं काम पुढे राज्यभर गेलं. तहसील कार्यालयं, शाळा, भूमी अभिलेख कार्यालयं यांची जुनी दफ्तरं उघडली आणि पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइटवर आली. आरक्षणाचा वाद त्याच्या जागी. पण त्यानिमित्ताने एक अख्खी पिढी आपल्या पूर्वजांच्या मागे लागली, हे मात्र खरं.

रजिस्टरात काय असतं?

गाव नमुना 14 म्हणजे गावाची जन्म-मृत्यूची नोंदवही. यात अनेकदा बाळाचं नावच नसतं, कारण नोंद बारशाआधीच झालेली! असतं ते फक्त बापाचं नाव. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख आणि गाव मिळतं. जुन्या फेरफारात तर अख्खं कुटुंब भेटतं: कोण मयत झालं, वारस कोण लागले, जमीन कशी वाटली गेली. महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर अनेक जिल्ह्यांतले जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन केलेले आहेत. तिथे नाही मिळालं, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा. शिरवळकरांसाठी ते म्हणजे खंडाळा.

शिरवळकरांना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नीरा ओलांडली की भोर तालुका, म्हणजे पुणे जिल्हा. 1948 पर्यंत तिथे भोर संस्थान होतं. त्यामुळे मूळ घर नदीपलीकडचं असेल तर साताऱ्याच्या वेबसाइटवर कितीही स्क्रोल करा, हाती काही लागणार नाही.

‘बिन’ म्हणजे काय रे भाऊ?

खरी गंमत पुढेच. स्कॅन उघडतं आणि समोर येते मोडी! हात न उचलता लिहिलेली अक्षरं, सलग शब्द, विरामचिन्हं गायब, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही. अशा नोंदीत ‘रामा बिन तुका’ दिसलं तर त्याचा अर्थ तुकाचा मुलगा रामा. ‘वल्लद’चा अर्थही तोच. शक दिला असेल तर त्यात 78 मिळवा, साधारण इसवी सन येतं. म्हणजे शक 1808 म्हणजे 1886च्या आसपास.

पण नाव वाचता आलं म्हणून तो आपलाच पणजोबा होत नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली पद्धत. त्यामुळे एकाच गावात, एकाच आडनावाचे तीन-चार तुकाराम सहज निघतात. जात पडताळणीसाठी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि त्यात वडिलांकडच्या रक्तनात्याची साखळी जुळायला लागते. ॲडमिशन तोंडावर आल्यावर ‘यातला आपला तुकाराम कोणता?’ हा प्रश्न गुगल सोडवत नाही. तो सोडवतात चुलतआजोबा, नाहीतर गावातली एखादी नव्वदीची आजी. कागदात नावं असतात, नाती माणसांच्या डोक्यात असतात.

आणि पणजी?

वंशावळीचा तक्ता पूर्ण झाला की नीट बघा. वरपासून खालपर्यंत बहुतेक पुरुषच. जुन्या कागदात बाई भेटते ती बहुधा ‘कोम’ या शब्दासोबत, म्हणजे अमक्याची बायको. लग्नात आडनाव बदललं, कित्येकींचं पाळण्यातलं नावही बदललं. माहेर कोणतं, बाप कोण, याचा धागा तिथेच तुटतो.

स्वीडनचं उदाहरण घ्या. तिथे 1686च्या चर्च कायद्यानंतर पाद्री गावातल्या घराघराची नोंद ठेवू लागले आणि आज ती रजिस्टरं तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात. आपल्या ‘बिन’सारखंच तिथे लार्सचा मुलगा लार्सन आणि लार्सची मुलगी लार्सडॉटर. पण खेड्यापाड्यातली ही लार्सडॉटर लग्नानंतरही लार्सडॉटरच राहायची. त्यामुळे स्वीडिश पोराला पणजीच्या पणजीपर्यंत पोचता येतं. आपल्याला मात्र आजीच्या माहेराशीच थांबावं लागतं.

शोधायला बसताय? हे करा

• सुरुवात वेबसाइटवरून नको, घरातून करा. मोठ्यांशी बोलताना फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, त्यांना सांगून.
• प्रत्येक नावापुढे बापाचं नाव आणि गाव लिहा. नुसतं नाव उपयोगाचं नाही.
• आडनावाची सगळी रूपं शोधा. पवार कुठे पोवारही लिहिलेलं असतं.
• मोडी शिका. राज्याचं पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. 2014 पासून मोडी युनिकोडमध्येही आहे.
• सापडलेलं पान व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी थांबा. त्यात भावकीच्या जमिनीचा आणि वाटणीचा तपशील असतो.

आणि एक रकाना स्वतःहून वाढवा: आजीचं माहेरचं पूर्ण नाव आणि तिच्या आईचं गाव. हे कुठल्याही वेबसाइटवर चढलेलं नाही. स्कॅन केलेलं पान उद्याही तिथेच असेल, आजीला मात्र आजच फोन लावा.